काळा पोशाख आणि मनाची दुखणी

इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पंक या बंडखोर संगीतप्रवाहाचा जोर ओसरू लागला, तेव्हा त्याच्याच पोटातून अधिक संथ, अंतर्मुख आणि मृत्यू, विरह, एकाकीपण यांविषयी न संकोचता बोलणारे संगीत जन्माला आले. त्या संगीताभोवती जमलेल्या तरुणांना पुढे ‘गॉथ’ हे नाव मिळाले. नॉर्थॅम्प्टनच्या बौहाउस या वाद्यवृंदाची १९७९ मधील ‘बेला लुगोसीज डेड’ ही नऊ मिनिटांहून अधिक चालणारी ध्वनिमुद्रिका या प्रवाहाचा आरंभ मानली जाते, आणि १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात निघालेल्या बॅटकेव्ह या क्लबने या तरुणांना हक्काचे ठिकाण दिले. मोठ्या समाजात राहूनही स्वतःची आवडनिवड, पेहराव आणि मूल्ये वेगळी जपणाऱ्या अशा समूहाला समाजशास्त्रात उपसंस्कृती म्हणतात.

गॉथ तरुण ओळखू येतो तो पेहरावावरून. चेहऱ्यावर पांढरा लेप, डोळ्यांभोवती काजळाची जाड रेघ, उलटा कंगवा फिरवून आणि फवारा मारून उभे केलेले काळेभोर केस, मखमल, लेस आणि चांदीचे दागिने हा सारा साज चढवायला वेळ आणि निगुती लागते, आणि तो जमला की नाही हे ओळखणारी नजर त्याच समूहात असते. पॉल हॉडकिन्सन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मंडळींमधील आपलेपणाच्या आणि निष्ठेच्या भावनेवर भर दिला आहे, आणि गॉथ तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या चर्चेत नेमकी हीच बाजू बहुधा मागे पडते.

त्या चर्चेला आधार देणारी दोन संशोधने महत्त्वाची आहेत. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील १,२५८ मुलांचा अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्या तरुणांपैकी सुमारे निम्म्यांनी कधी ना कधी स्वतःला इजा करून घेतली होती किंवा जीव देण्याचा प्रयत्न केला होता. मात्र ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांची संख्याच अगदी थोडी होती, हे विसरून चालणार नाही. दुसरे संशोधन २०१५ मधले, ब्रिस्टल परिसरात जन्मलेल्या ३,६९४ मुलांच्या माहितीवर आधारलेले. पंधराव्या वर्षी या मुलांना विचारले गेले की गॉथ, खेळाडू, स्केटबोर्डवाले, एकलकोंडे अशा गटांपैकी कोणाशी आपले किती जुळते. आणि अठराव्या वर्षी त्यांचे नैराश्य मोजले गेले. गॉथांशी आपले पूर्णपणे जुळते असे सांगणाऱ्यांत, मुळीच जुळत नाही म्हणणाऱ्यांच्या तुलनेत, नैराश्याची शक्यता तिपटीहून अधिक आणि स्वतःला इजा करून घेण्याची शक्यता पाचपट आढळली.

हे आकडे ऐकून पालक घाबरणे स्वाभाविक आहे, परंतु दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत फरक आहे, आणि दवाखान्यात आजारी माणसे जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानेच त्यांना आजारी पाडले असे कोणी म्हणत नाही. ब्रिस्टलच्या अभ्यासातील गॉथ मुलांपैकी अनेकांना आधीच नैराश्याने गाठले होते आणि शाळेत छळही सोसावा लागला होता. स्कॉटलंडमध्येही काहींनी गॉथ होण्याआधीच स्वतःला इजा केलेली होती. दुखावलेले मूल आपले दुःख जिथे लपवावे लागणार नाही अशी जागा शोधते, हे स्पष्टीकरण म्हणूनच अधिक पटते. तथापि आधीचे नैराश्य आणि छळ हिशेबात धरूनही ब्रिस्टलमधील संबंध पुरता पुसला गेला नाही. दुःखी मुले एकत्र आली की एकमेकांचे पाहून इजेचे वळण लागू शकते, हा धोका नाकारणे म्हणजे त्याच मुलांवर अन्याय करणे होय.

समाजाने मात्र बहुतेकदा तिसराच मार्ग धरला आणि पेहरावालाच आरोपी ठरवले. अमेरिकेत १९९९ च्या कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर मारेकऱ्यांचा गॉथ समूहाशी संबंध जोडला गेला, जो खरा नव्हता. मिझुरी राज्यातील ब्लू स्प्रिंग्ज या गावाला तर ‘गॉथ समस्या’ निवारण्यासाठी २००२ मध्ये अडीच लाख डॉलरहून अधिक सरकारी अनुदान मिळाले, आणि अशी समस्या सापडेचना म्हणून जवळपास निम्मी रक्कम परत करावी लागली.

या संशयाची सर्वांत भीषण किंमत सोफी लँकेस्टर हिने मोजली. इंग्लंडच्या लँकेशायरमधील बेकप या गावी ऑगस्ट २००७ मध्ये किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने बागेत तिच्यावर आणि तिच्या मित्रावर हल्ला केला. दोघांचा गुन्हा एवढाच की ते गॉथ वेशात होते. मित्र वाचला, वीस वर्षांची सोफी तेराव्या दिवशी गेली, आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी हा द्वेषातून घडलेला गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. आईने तिच्या नावाने संस्था उभारून शाळाशाळांतून सहिष्णुतेचे शिक्षण नेले, आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा उपसंस्कृतींवरील हल्ल्यांची द्वेषगुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली. रस्त्यात हेटाळणी आणि मारहाण सोसणाऱ्या मुलांच्या नैराश्याचा हिशेब करताना ही हेटाळणी वगळणे शास्त्राला धरून नाही.

तेव्हा मूल काळे कपडे घालू लागले तर ते कपडे काढून घेण्याने काहीही साधत नाही. उलट ज्या मित्रांत त्याला समजून घेतले जाते त्यांच्यापासून ते तुटते. झोप उडाली आहे का, शाळेत कोणी छळते का, जगणे नकोसे वाटते का, हे पालकांनी आणि शिक्षकांनी स्पष्ट शब्दांत विचारावे. जीव देण्याच्या विचारांविषयी विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत, हे संशोधनातून दिसून आले आहे. उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. भारतात ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते, आणि ती मराठीतही उपलब्ध आहे.