अपघाताची भरपाई

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हा उपदेश महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत लहानपणापासून कानीं पडतो. बांधाच्या वीतभर जमिनीपायीं दोन भाऊ जन्मभर भांडत राहिले आणि शेवटीं ती जमीन सावकाराच्या घरीं गेली, अशा अनुभवांतून ही म्हण रूढ झाली. आणि तसल्या भांडणांपुरती ती खरीहि आहे. परंतु जें वचन ज्या प्रसंगासाठीं जन्मास आलें नाहीं, त्या प्रसंगीं तें लागू केलें म्हणजे शहाणपणाच्या नांवाखालीं नुकसान पदरीं येतें. रस्त्यावरील अपघात हा असाच एक प्रसंग होय.

एक कल्पित कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्याच्या कसबा पेठेंत राहणारा बत्तीस वर्षांचा एक तरुण. घरोघर विजेच्या तारा बसविणें व दुरुस्त करणें हा त्याचा धंदा. मोटारसायकल, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेंतील फटफटी, हेंच त्याचें वाहन. एका रविवारीं तो साताऱ्याकडे जात असतां शिरवळजवळ बाजूच्या रस्त्यानें एक मालवाहू टेंपो न थांबतां महामार्गावर आला. त्याच्या धडकेनें तरुणाचा उजवा पाय चिरडला आणि डॉक्टरांना तो गुडघ्याखालीं कापावा लागला. चौथ्या दिवशीं टेंपोचा मालक रुग्णालयांत आला, हळहळला, आणि पंचवीस हजार रुपये व एक लिहून आणलेला कागद पुढें ठेवून म्हणाला, "आपसांत मिटवूं या. माझाहि पोटाचा धंदा आहे." तरुणाचे मामा शेजारीं उभे होते. ते बहिणीला म्हणाले, "ताई, देवानें जीव राखला हें काय थोडें झालें? पाय कांहीं पैशानें परत येणार नाहीं. कोर्टकचेरीच्या नादीं कशाला लागतेस? सही करून टाकूं दे त्याला." आईनें डोळ्यांना पदर लावला. सही करावयाची कीं नाहीं, एवढाच प्रश्न आतां उरला होता.

मामांच्या मनांत वाईट हेतु नव्हता. बहुतेक सभ्य घरांत असाच विचार होतो. भरपाई मागणें म्हणजे मुलाच्या पायाची किंमत करणें, असें वाटून मन संकोचतें. पण येथें पायाची किंमत कोणीच करीत नाहीं. तो तरुण यापुढें पूर्वीसारखा शिडीवर चढूं शकणार नाहीं. दिवसाकाठीं पांच घरचीं कामें उरकणारा माणूस दोन घरें करील. आई, पत्नी व दोन मुलें यांच्या पुढील तीस वर्षांच्या भाकरीचा हा हिशेब आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानें या हिशेबांत जी तूट आली, ती कोणीं भरून द्यावयाची, इतकाच प्रश्न कायद्यापुढें असतो. सही केल्यानें ती तूट नाहींशी होत नाहीं. ती फक्त त्या घराच्याच माथीं बसते. शिवाय तसला कागद पुढें दाव्यांत त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखविण्यांत येतो.

टेंपोच्या मालकाच्या पोटावर पाय देण्याचाहि येथें प्रश्न नाहीं. मोटार वाहनांचा १९३९ सालचा कायदा झाला, तेव्हां त्यांत तिऱ्हाइताच्या इजेबद्दल सक्तीच्या विम्याचें एक प्रकरण घालण्यांत आलें, व तें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. धडक देणारा कंगाल निघाला तर कोर्टाचा हुकूमनामा केवळ कागदावर राहतो, म्हणून ही सक्ती. पुढें १९५६ सालच्या दुरुस्तीनें दिवाणी कोर्टांऐवजीं अशा दाव्यांकरितां स्वतंत्र न्यायाधिकरणें निर्माण करण्याची तरतूद झाली. सध्यांचा कायदा १९८८ सालचा असून त्यांत २०१९ सालीं मोठे फेरबदल झाले. भरपाईविषयींचे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. टेंपोचा विमा चालू असेल, तर मालकावर बसलेली भरपाईची रक्कम विमा कंपनीनें भरावयाची असते. तेवढ्याचसाठीं ती वर्षानुवर्षें हप्ते घेत असते.

दावा दाखल करण्याची रीति पुष्कळांना वाटते तितकी अवघड नाहीं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें अर्ज करावयाचा. त्यांत चालक, मालक व विमा कंपनी या तिघांना सामनेवाले करावयाचें. अपघात सातारा जिल्ह्यांत झाला म्हणून साताऱ्यास खेपा घालण्याची गरज नाहीं; अर्जदार जेथें राहतो किंवा धंदा करतो, तेथील न्यायाधिकरणापुढेंहि अर्ज करतां येतो. मात्र मुदतीकडे लक्ष हवें. २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करण्याची अट पुन्हां लागू झाली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें आहे. परंतु दुसऱ्यांच्या दाव्याच्या निकालावर भिस्त ठेवून आपली मुदत घालविणें शहाणपणाचें नव्हे. पोलिसांनीं अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आंत न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि त्यालाच अर्ज समजावें, अशीहि तरतूद आहे. तो अहवाल खरोखरच गेला कीं नाहीं, याची चौकशी मात्र घरच्या माणसानेंच करावी. व्याज हें अर्जाच्या तारखेच्या मागें जाऊन मिळत नाहीं, हें दिरंगाईचें आणखी एक नुकसान.

आतां रक्कम ठरते कशी, तें पाहूं. तरुणाचें उत्पन्न दरमहा २०,००० रुपये असल्याचें शाबीत झालें, असें धरावें. वर्षाचे २,४०,००० झाले. स्वतंत्र धंदा करणारा मनुष्य चाळिशीच्या आंतील असेल, तर पुढील काळांतील वाढीबद्दल त्यांत शेंकडा ४० मिळवावे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०१७ सालीं प्रणय सेठी यांच्या प्रकरणांत ठरविलें. ती वाढ अपंगत्वाच्या दाव्यांतहि धरावी, असें त्याच न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. म्हणजे ३,३६,००० झाले. त्याची कमाईची शक्ति निम्म्यानें कमी झाली असें ठरलें, तर वर्षाची तूट १,६८,००० रुपयांची. ३१ ते ३५ या वयाला गुणक १६ असतो. हें गुणकांचें कोष्टक २००९ सालीं सरला वर्मा यांच्या प्रकरणांत निश्चित झालें. १,६८,००० ला १६ नीं गुणलें म्हणजे २६,८८,००० रुपये होतात. औषधोपचाराचा खर्च, कृत्रिम पाय, बुडालेले दिवस, सेवेस ठेवलेला माणूस आणि सोसलेल्या वेदना यांबद्दलची रक्कम याहून निराळी. चौथ्या दिवशीं पुढें आलेली रक्कम पंचवीस हजारांची होती, हें येथें स्मरावें.

या हिशेबांत निम्म्याचा आंकडा कोठून आला? वैद्यकीय प्रमाणपत्रांत शरीराचें जें अपंगत्व लिहिलेलें असतें, तेंच कमाईच्या नुकसानीचें प्रमाण असें नव्हे. राजकुमार नांवाच्या अर्जदाराच्या दाव्यांत २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा भेद फार चांगला समजावून दिला आहे. डावा हात गेला, तर सुताराची किंवा वाहनचालकाची जवळजवळ सारी कमाई बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकूंहि शकते. म्हणून आपला धंदा काय, त्यांत त्या अवयवाचें काम काय, हें अर्जदारानें सविस्तर सांगावें लागतें, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्षहि घ्यावी लागते. नुसता कागद जोडून भागत नाहीं.

दोष कोणाचा, हा वाद न घालतां कांहीं रक्कम मिळण्याचीहि सोय कायद्यांत आहे. मृत्यु आल्यास ५ लाख व जबर दुखापतीस २.५ लाख, असे तिचे आंकडे आहेत. ज्याच्यापाशीं पुरावा नाहीं त्याला हा मोठाच आधार. पण कायद्यांत ठरविलेल्या रीतीनें ही रक्कम एकदां स्वीकारली, कीं न्यायाधिकरणापुढील मूळ दावा संपुष्टांत येतो. म्हणून स्वीकारण्यापूर्वीं वरील गणित कागदावर मांडून पाहावें. धडक देणारें वाहन पळून गेलें व त्याचा पत्ताच लागला नाहीं, तर मृत्यूस २ लाख व जबर दुखापतीस ५०,००० रुपये देण्याची योजना निराळी आहे. तिचा अर्ज तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे करावा लागतो. उपचाराच्या पहिल्या दिवसांकरितां मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें योजना जाहीर केली असून, तींत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरतां मिळूं शकतो.

सामनेवाले काय म्हणतील, याचाहि विचार आधींच करावा. चूक फटफटीवाल्याचीच होती, असें ते म्हणणारच. त्याचा दोष शेंकडा २० ठरला, तर भरपाईहि तितक्याच प्रमाणांत कमी होते. वरील २६,८८,००० मधून ५,३७,६०० वजा होतील. परंतु नियम मोडला एवढ्यावरून दोष शाबीत होत नाहीं. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते, केवळ एवढ्याचसाठीं भरपाई कमी करतां येणार नाहीं; त्या नियमभंगाचा अपघाताशीं किंवा इजेशीं संबंध दाखविला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं म्हटलें. शिरस्त्राण घालणें कायद्यानें सक्तीचें आहे व तें घातलेंच पाहिजे. तथापि पाय गेलेल्या माणसाला "शिरस्त्राण नव्हतें" हें उत्तर पुरेसें नाहीं. चालक फौजदारी खटल्यांतून सुटला, तरीहि भरपाईचा दावा आपोआप बुडत नाहीं. फौजदारींत निःसंशय पुरावा लागतो, येथें अधिक संभव कोणत्या बाजूस आहे तें पाहिलें जातें.

हा संभव आपल्या बाजूस झुकवावयाचा, तर पहिल्या आठवड्यांतील कागद हवेत. पोलिसांकडील प्रथम खबरेची व घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल, टेंपोच्या क्रमांकावरून काढलेली विम्याची माहिती, रुग्णालयांतील अगदीं पहिली नोंद, औषधांचें प्रत्येक बिल, पाहिलेल्या साक्षीदाराचें नांव व पत्ता, हीं सर्व एका ठिकाणीं ठेवावीं. पुष्कळ वेळां आईवडील दुकानदाराकडून बिल घेण्यास संकोचतात, आणि वर्षभरानें खर्च शाबीत करतां येत नाहीं. उत्पन्नाचेंहि तसेंच. रोखीनें मजुरी घेणाऱ्यानें बँकेचें पुस्तक, आयकराचीं विवरणपत्रें, निदान गिऱ्हाइकांच्या नोंदींची वही पुढें केली पाहिजे. गृहिणीस उत्पन्न नसतें म्हणून तिच्या इजेला किंवा मृत्यूला भरपाई नाहीं, हा तर भ्रमच होय. घरांतील कामाला मोल आहे आणि त्याचें कल्पित उत्पन्न धरावें, हें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें कीर्ती यांच्या प्रकरणांत पुन्हां एकदां बजावलें.

वकिलाची भीति हा शेवटचा अडथळा. रुग्णालयाच्या दारांत भेटून "मिळेल त्यांतला चौथा हिस्सा द्या" असें म्हणणारे मध्यस्थ आढळतात, त्यांच्यापासून दूर राहावें. निकालाच्या रकमेंत वाटा ठरवून वकिलानें काम घेणें बार कौन्सिलच्या नियमांना सोडून आहे. उलट, स्त्रिया, मुलें, अपंग व्यक्ति, तसेंच अनुसूचित जातिजमातींचे लोक यांना १९८७ च्या कायद्यान्वयें विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळूं शकतो, व प्राधिकरणाची कचेरी जिल्हा न्यायालयाच्या आवारांतच असते. लोकअदालतींत तडजोड झाली, तर वर्षें वांचतात. पण तेथील निवाड्यावर अपील नाहीं. तेव्हां तडजोडीस बसतांनाहि आपलें गणित खिशांत असावें. किती सोडावयाचें, हें किती येणें आहे तें कळल्यावांचून ठरवितां येत नाहीं.

त्या रुग्णालयांतील खाटेपाशीं परत जाऊं. मामांचें एक म्हणणें खरें होतें : पाय परत येणार नाहीं. म्हणूनच त्या पायावर जें घर उभें होतें, त्याची तजवीज करणें अवश्य आहे. पंचवीस हजार रुपये मालकाला नम्रपणें परत करावे, कागदावर सही करूं नये, आणि भांडणाचा एक शब्दहि उच्चारूं नये. मग मामांनींच एक कापडी पिशवी आणून तींत पहिलें बिल ठेवावें, आणि घरीं भिंतीवरील दिनदर्शिकेवर अपघातापासून पांच महिने पुरे होण्याच्या तारखेभोंवतीं तांबड्या पेन्सिलीनें वर्तुळ काढावें. सहाव्या महिन्याची वाट पाहूं नये. भाच्याला त्या वेळीं मामांच्या हळहळीपेक्षां या वर्तुळाचा उपयोग अधिक आहे.