तात्या टोपे जूनमध्येच नर्मदा उतरले असते तर?

आज तेरहून बोलतोय, घराच्या गच्चीवरनं. मधेच देवळातली घंटा ऐकू आली तर चालवून घ्या, गोरोबाकाकांचं गाव आहे.

परवा जेवताना चुलत्यांशी वाद झाला. मी म्हणलं, १८५७ चा उठाव ग्वाल्हेरात हरला. ते म्हणले, जिंकलेल्या शहरात कोण हरतं रे?

तर ऐका. २३ मे १८५८ ला काल्पी पडली. रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई आणि आपले येवल्याचे तात्या टोपे यांच्याकडं धड तोफा नव्हत्या, पैसा नव्हता. अशा वेळी त्यांनी ग्वाल्हेर गाठलं. १ जूनला शिंद्यांची बहुतेक फौज यांनाच येऊन मिळाली, जयाजीराव आग्र्याला पळाले. किल्ला, तोफा, खजिना, सगळं हातात! इथपर्यंत डाव एक नंबर.

मग ३ जूनला दरबार भरला. नानासाहेबांच्या नावानं पेशवाई जाहीर झाली. आणि फौज तिथंच थांबली. १६ तारखेला ह्यू रोज मोरारला येऊन धडकला. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत राणी पडली. २० ला किल्लाही गेला.

आता माझं 'जर-तर'. दरबार न भरवता ४ जूनला खजिना घेऊन दक्षिणेला निघाले असते तर? मी मॅप उघडून बसलो. ग्वाल्हेर ते होशंगाबाद आजच्या रस्त्यानं साधारण ५०० किलोमीटर. पंधरा दिवस धरले तर रोजचे ३३. पाऊस लागायच्या आत नर्मदा उताराची. घोडदळाला जमलं असतं. तोफांना नसतं जमलं, त्या सोडाव्या लागल्या असत्या. आणि नुकत्या मिळालेल्या तोफा कोण सोडतो? मी तर जुना लॅपटॉप टाकत नाही.

तात्यांनी नर्मदा ओलांडली, पण ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर मधल्या लढायांत तोफा तशाही गेल्याच होत्या. आणि १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला गेला. इंग्रजांच्या खुनात हात नसेल तर माफी. मग कोण कशाला उठेल? तात्या मुलताईपर्यंत आले नि पश्चिमेला वळले. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी.

आपला धाराशिवचा भाग तेव्हा निजामाचा, पण १८५३ च्या तहापासून कारभार कंपनीकडं. नळदुर्गाला काही वर्षं मेडोज टेलर होता. पेशव्यांचं निशाण जूनमध्ये खाली उतरलं असतं तर ही मराठी गावं गप्प बसली असती असं मला वाटत नाही. कोल्हापूरला पलटण आदल्याच वर्षी उठली होती.

चुलते शांतपणे ऐकत होते. मग उठले आणि कपाटातनं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' काढून माझ्यापुढं ठेवलं. "झाशीत इंग्रज शिरल्यावर काय झालं ते वाच. भटजी तिथंच होते. तुझा तात्या इथं आला असता तर मागनं रोज पण आला असता. तेर काय, नळदुर्ग काय."

रात्री वाचलं. घराघरात शिरून माणसं मारलेली, विहिरीत उड्या टाकलेल्या बाया. माझ्या मॅपवर रोजचे ३३ किलोमीटर होते, वाटेतली गावं नव्हती.

ग्वाल्हेरचा दरबार चुकलाच, हे मी अजून म्हणतो. पण चुलत्यांना उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर व्हॉइस नोट पाठवा, त्यांना ऐकवतो.