सास्काटूनचं झुडूप
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून सगळे विचारताहेत, "कॅनडात सॉफ्टवेअर सोडून काय करतेस?" करते काय, एक झुडूप वाढवते.

मी राहते त्या शहराचं नाव सास्काटून. तिथल्या क्री लोकांच्या भाषेतल्या एका फळाच्या नावावरून ते पडलं. तेच फळझाड आमच्या अंगणात आहे. गुलाब-सफरचंदाच्या कुळातलं. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतं, जुलैत जांभळी-काळी फळं पिकतात, नंतर पानं पिवळी-केशरी होऊन गळतात. फळ करवंदाहून लहान, गोड, मागून किंचित बदामाची चव. क्री लोक ते वाळवून मांस आणि चरबीबरोबर कुटत आणि हिवाळ्यासाठी ठेवत.

झुडूप फार लाड मागत नाही. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. ब्लूबेरीसारखी आम्लधर्मी माती लागत नाही. एकटं झुडूपही फळतं. उणे ४० अंशांची थंडी सोसतं. फळ जुन्या फांद्यांवर धरतं, म्हणून हिवाळा सरताना अगदी म्हाताऱ्या फांद्या तेवढ्या बुडातून काढायच्या. सरसकट छाटलं, तर त्या वर्षी फळ विसरा! आणि फळांना रंग चढला की जाळी टाकायची, नाहीतर सगळी पाखरांची.

फळाला मात्र तीन-चार वर्षं लागतात. माझं घोडं तिथंच अडलं होतं. "दोन वर्षांत परत येतो," असं आम्ही आईला दर वर्षी सांगायचो. परत जाणाऱ्यानं असं झाड कशाला लावायचं? अखेर एका वसंतात रोप लावलं आणि त्याच रात्री आईला फोनवर सांगितलं, "आता आम्ही इथेच राहणार." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला पाणी किती घालायचं गं?"

काहींनी रोप मागितलंय. पण त्याला हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते, आपल्या उन्हात ते तगणार नाही. तुम्ही फालसा लावा. त्याचीही पानं हिवाळ्यात गळतात. फळ मात्र नव्या फुटीवर येतं, म्हणून पानगळ झाल्यावर बिनधास्त छाटा. उन्हाळ्यात आंबट-गोड फळं मिळतील.

पुढच्या मे महिन्यात मी येतेय. सरबत पाजायची जबाबदारी तुमची.