अंघोळीच्या पाण्याचे अर्थकारण

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भांडवलशाहीचे अरिष्ट, शेतमालाचे भाव आणि केंद्र-राज्य संबंध अशा भारदस्त विषयांच्या रांगेत आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काही कार्यकर्त्यांना हसू आले असल्यास त्यात नवल नाही. अंघोळीचे पाणी ही राजकारणाची बाब आहे, असे सहसा कोणी मानत नाही. परंतु समाजवादी चळवळीला तरी असे हसण्याचा अधिकार नाही. मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिले ते नळाच्या साध्या पाण्यापायी, आणि १९७० नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात बायकांनी रस्त्यावर आणले ते घरातले लाटणेच होते. डॉ. राममनोहर लोहियांनी जात आणि स्त्रीदास्य यांचा विचार मांडताना धुराच्या चुलीला विसरले नव्हते. तेव्हा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी राजकारण थांबते, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे.

ऊन पाण्याची रीत महाराष्ट्रात घराघराच्या ऐपतीप्रमाणे ठरत आली. वाड्यातल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत ढलप्या, करवंट्या किंवा कोळसा घालायचा, भोवतालच्या पाण्याला चहूबाजूंनी आच लागायची, आणि जितके ऊन पाणी काढले तितके थंड पाणी वरून ओतायचे. सामान्य शेतकऱ्याच्या घरी चुलीच्या बगलेला वैल असे. भाकरी भाजताना वाया जाणारी आच वैलावरच्या भांड्याला मिळे. आज ज्याला वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर म्हणून मोठमोठ्या परिषदांत गौरवले जाते, ते निरक्षर गृहिणीला ठाऊक होते. मात्र या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. त्या बंबाची राख काढणारी आणि त्या चुलीचा धूर गिळणारी बाईच होती, आणि सरपणाची मोळी वाहणारीही तीच.

आता थोडे गणित. पाच माणसांचे कुटुंब आणि प्रत्येकाला वीस लिटरची एक बादली, म्हणजे रोजचे शंभर लिटर पाणी. ते २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचे, तर लागणारी उष्णता २,००० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत हे सव्वादोन युनिटांहून किंचित अधिक होते. महिन्याला सुमारे सत्तर युनिटे. ही गरज निसर्गनियमाने ठरलेली आहे. ती मंत्र्याला कमी करता येत नाही आणि व्यापाऱ्यालाही. प्रश्न एवढाच उरतो की, ही उष्णता कोठून आणायची, तिच्यासाठी किती जाळायचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची.

तीच उष्णता लाकडातून घेतली तर काय होते? वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारणतः चार हजार किलोकॅलरी असतात. पण साध्या उघड्या चुलीत त्यांतला आठवा-दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोहोचतो, बाकीची आच भिंतीला, वाऱ्याला आणि बाईच्या तोंडाला लागते. म्हणजे निव्वळ अंघोळीसाठी रोज चार-पाच किलो लाकूड. डोक्यावरून आणलेली वीस-बावीस किलोंची मोळी पाच दिवसांत संपते, आणि अजून भात शिजलेलाच नाही.

यातून एका राष्ट्रीय योजनेचे कोडे सुटते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी गरीब घरांत गॅसची शेगडी गेली. हे चांगलेच झाले. विरोधी पक्षात असल्यामुळे ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु शेगडी आल्यावरही परसातली पाण्याची चूल विझली नाही. शहरी टीकाकार याला खेडुतांची सवय किंवा अडाणीपणा म्हणतात. हिशेब वेगळेच सांगतो. शंभर लिटर पाणी गॅसवर तापवायचे तर रोज सुमारे ३०० ग्रॅम गॅस जळतो, महिन्याला नऊ किलो. सिलिंडर असतो १४.२ किलोंचा. जी बाई दुसऱ्या सिलिंडरचे पैसे जुळवू शकत नाही, ती त्या एका सिलिंडरचा दोन-तृतीयांश भाग अंघोळीवर उधळील काय? ती चहा आणि भाजी गॅसवर करते आणि पाणी लाकडावर तापवते. तिने केलेला हा निर्णय अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणारा आहे. योजना आखणाऱ्यांनी स्वयंपाकघर मोजले आणि न्हाणीघर मोजायचे विसरले. म्हणून धूर राहिला आणि मोळीही राहिली.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी हयातभर एक गोष्ट सांगत राहिले : लोकांना ऊर्जा नको असते, तिच्यामुळे होणारे काम हवे असते. कोणाला युनिट नको असते. ऊन पाणी हवे असते, उजेड हवा असतो. नियोजनाची सुरुवात वीजकेंद्राच्या धुराड्यापासून न करता घरातल्या बादलीपासून केली, तर सगळा हिशेबच उलटा होतो.

तो कसा, ते विजेच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. चंद्रपूरला किंवा कोराडीला कोळसा जाळून शेकडो अंशांची वाफ करायची, तिने जनित्र फिरवायचे, कोळशातल्या उष्णतेचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून सोडून द्यायचा, उरलेली वीज शेकडो मैल तारांतून आणायची आणि तिच्यापासून पुन्हा काय करायचे, तर बेचाळीस अंशांचे पाणी! सोन्याचे नाणे वितळवून त्याचा खिळा करण्यासारखा हा उद्योग आहे. शिवाय त्या शीतकरणालाही पाणीच लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्यातील साथींना सांगायला नको.

आणि हे सारे सकाळी सहा ते नऊ या वेळात. दोन किलोवॉटचे साडेतीन लाख गीझर एकदम चालू झाले की ७०० मेगावॉटची मागणी उभी राहते. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा साधारण तेवढ्याच क्षमतेचा होता. १९९३ मध्ये त्या कंपनीशी वीजखरेदीचा करार झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये ती न परवडल्याने राज्य वीज मंडळाने घेणे थांबवले. त्या कराराविरुद्ध समाजवादी कार्यकर्ते लढले, तुरुंगात गेले. ते योग्यच होते. परंतु दराच्या आणि भ्रष्टाचाराच्या वादात एक प्रश्न मागे पडला : ही वीज मुळात कशासाठी हवी आहे, आणि तिचा काही भाग सकाळच्या न्हाणीघरातच वाचवता येणार नाही काय?

घरातल्या साधनांकडे वळले म्हणजे वर्गभेद नळाच्या तोटीपर्यंत पोहोचलेला दिसतो. भाड्याच्या खोलीतला कामगार बादलीत हीटरची कांडी टाकतो. गंमत अशी की, उष्णतेच्या दृष्टीने ही कांडी फार काटकसरी आहे. लागेल तेवढेच पाणी तापते आणि जवळजवळ सारी वीज पाण्यात उतरते. उलट सुखवस्तू घरातला गीझर दिवसभर चालू ठेवला की कोणी अंघोळ करो वा न करो, टाकीतली ऊब पत्र्यातून झिरपत राहते. गीझरवरच्या तारांकनात हीच झिरप मोजलेली असते. जास्त तारे म्हणजे जाड आवरण आणि कमी झिरप. पण कांडीत वीज वाचत असली तरी माणूस वाचण्याची हमी नाही. ओल्या फरशीवर, भूमिजोडणी नसलेल्या जुन्या वायरिंगवर तिचा झटका बसून माणसे दगावतात. लहानशा बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरने तर तरुण जोडपीच्या जोडपी गेली आहेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. खिडकी ठेवण्याइतकीही जागा ज्या घराला नाही, तेथे हा मृत्यू अपघात म्हणून नोंदवला जातो. तो खरे पाहता घरबांधणीच्या धोरणाचा बळी असतो.

राहता राहिले सूर्याचे ऊन. शंभर लिटरांच्या सौर संचाला सुमारे दोन चौरस मीटरची तापणारी पाटी पुरते. तिच्यात फिरता भाग नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीकडे चढते. सूर्यप्रकाशापासून वीज करताना त्यातला पाचवा हिस्सा हाती लागतो, उष्णता करताना निम्म्याच्या आसपास. इस्रायलच्या अन्य धोरणांविषयी समाजवाद्यांचे मत काहीही असो, त्या देशाने १९८० मध्ये कायदा करून नव्या घरांना सौर बंब सक्तीचे केले. भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर तापपाट्यांचे लक्ष्य ठरले. पण २०१४ मध्ये सौर बंबांचे केंद्रीय अनुदानच थांबवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील वीजसंचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ऊन पाण्याच्या साध्या पाटीचा त्या योजनेत समावेश नाही.

या अनुदानाच्या वाटपाकडे बारकाईने पाहावे. ते मिळण्यासाठी आधी छत असावे लागते, तेही स्वतःच्या मालकीचे. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या आणि भाड्याच्या घरातल्या माणसाच्या वाट्याला सूर्य येतो तो फक्त उकाड्याच्या रूपाने. पुण्यासारख्या शहरात नव्या इमारतींच्या गच्चीवर सौर संच दिसतात खरे. त्यातले कित्येक बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रापुरते बसवलेले असतात. सोसायटी ताब्यात येईतो नळ्या फुटतात, खाऱ्या बोअरच्या पाण्याने क्षार साचतो, आणि तळमजल्यावरच्या रहिवाशाला ऊन पाणी येईपर्यंत दोन बादल्या थंड पाणी सोडून द्यावे लागते. दोष यंत्राचा नाही. नळ्यांना आवरण घालणे, क्षाराच्या पाण्यासाठी वेगळी रचना करणे आणि देखभालीला माणूस नेमणे, ही सामुदायिक कामे आहेत. ज्याने संच विकला त्याला त्यात नफा नाही आणि ज्याने फ्लॅट घेतला त्याला ते एकट्याला जमत नाही. सहकाराची जागा नेमकी येथे आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सौर बंब आठवडेच्या आठवडे निरुपयोगी ठरतो, हेही मान्य केले पाहिजे. तेथे उष्णतापंपाचा विचार करावा. फ्रीजच्या पाठीमागची जाळी गरम लागते, हे सर्वांनी अनुभवले आहे. आतली उष्णता उचलून ती बाहेर टाकली जाते. उष्णतापंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते, आणि हवा जितकी उबदार तितके काम सोपे. आपल्या कुटुंबाचे सव्वादोन युनिट मग पाऊण युनिटावर येतात. अडचण किमतीची आहे. तो गीझरच्या कित्येक पट महाग पडतो. पण किंमत ही काही आकाशातून पडत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा २०१४ मध्ये तीनशे रुपयांवर असलेला खरेदीचा भाव दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांखाली आला. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनीच हा प्रयोग केला आणि तो सार्वजनिक खरेदीच्या तत्त्वाने यशस्वी झाला. हीच खरेदी वसतिगृहे, रुग्णालये आणि पुनर्वसन इमारती यांच्या उष्णतापंपांसाठी का होऊ नये, याचे उत्तर विधिमंडळात मागता येईल.

मात्र कार्यकर्त्याने विधिमंडळाची वाट पाहू नये. आपल्या तालुक्यातल्या आश्रमशाळेत डिसेंबरच्या पहाटे जावे आणि मुलामुलींच्या न्हाणीघरातल्या तोटीखाली हात धरावा. गच्चीवर सौर संच असेल आणि तोटीला बर्फासारखे पाणी असेल, तर खरेदीची तारीख, देखभालीचा करार आणि शेवटची दुरुस्ती या तीन गोष्टी माहितीच्या अधिकारात विचाराव्यात.

याहूनही जवळचे एक उदाहरण आहे, आणि त्याकडे आजवर फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ऊसतोडणी कामगारांचा हंगाम ऐन थंडीतला. साखर कारखान्याच्या कुंपणाबाहेर त्यांच्या कोप्या पडतात. बायका पहाटेच्या अंधारात, आडोसा धरून, गार पाण्याने अंघोळ करतात. बाळंतीण असली तर उसाच्या पाचटावर भांडे तापवून भागवतात. आणि कुंपणाच्या आत काय चालते? उसात वजनाच्या सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटवताना ते वाफ होऊन निघते आणि थंड होताना ऊन पाण्याच्या रूपाने परत मिळते. रात्रंदिवस, हजारो लिटर. बॉयलरला लागेल तेवढे घेऊन उरलेले निववून सोडून द्यावे लागते. त्यासाठी कारखान्याला खर्च येतो. वीस पैशांचा कोळसा न जाळता, एक युनिट वीज न वापरता, शुद्ध केलेल्या पाण्याला किंवा साध्या पाण्याला ती उष्णता देऊन कुंपणाबाहेर चार न्हाणीघरे चालवता येतील. लागेल तो खर्च थोड्या नळांचा, एका उष्णता-विनिमयकाचा आणि दारे असलेल्या चार भिंतींचा.

कारखाना सहकारी, सभासद शेतकरी, अध्यक्ष बहुधा आमदार. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते आणि गाळप त्यानंतर सुरू होते. सभासदाच्या सहीने ठराव वेळेत द्यायचा, तर ज्या ज्या तालुक्यात पक्षाची शाखा आहे तेथे कोप्यांची संख्या, पाण्याची सोय आणि कारखान्याच्या जादा पाण्याचा अंदाज ही टिपणे गेल्या हंगामाच्या नोंदींवरून जुलैअखेर तयार हवीत. त्यासाठी दोन अभियंते साथींनी वेळ देण्याचे मान्य केले आहे; त्यांना कारखान्यांची यादी आजच्या दुपारच्या बैठकीतच मिळावी.