स्नायुशैथिल्य आणि आपला कुलवृत्तान्त
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



शस्त्रक्रिया ठरली की आपण शस्त्रवैद्याच्या नावाची चौकशी करतो. भूल कोण देणार, हे क्वचितच विचारतो. त्या उपेक्षित शास्त्राचा एक भाग आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे, कारण त्याचा आपल्या कुळांशी निकटचा संबंध आहे.

भूल म्हणजे केवळ झोप नव्हे. रोग्याची शुद्ध हरपावी, वेदना होऊ नये आणि स्नायू सैल पडावेत, अशी तीन कार्ये तीत साधावयाची असतात. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर शस्त्रवैद्याचा हात आत चालत नाही. पूर्वी ही तिन्ही कार्ये एकट्या ईथरकडून करून घेत. त्यासाठी भूल इतकी गाढ द्यावी लागे की, अशक्त रोग्यास ती सोसत नसे.

यावर उपाय सापडला तो एका विषातून. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणांस कुरारे नावाचे वनस्पतिजन्य विष लावीत. हे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधिस्थानी अडथळा आणते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविले. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. हॅरल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग केला. पुढे हलकी भूल व जोडीला स्नायुशैथिल्याचे औषध, ही पद्धती रूढ झाली.

मात्र हे औषध झोप आणीत नाही, वेदनाही शमवीत नाही. अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी जागेपणी ते स्वतःस टोचवून घेतले. सर्वांग लुळे पडले, परंतु जाणीव शाबूत राहिली. तो प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. श्वसनाचे स्नायूही यात थांबतात. म्हणून औषध उतरेपर्यंत भूलतज्ज्ञ रोग्यास कृत्रिम श्वास देत राहतो.

या वर्गातील सक्सामेथोनियम हे औषध १९५१ पासून प्रचारात आहे. ते मिनिटभरात लागू पडते आणि सुमारे दहा मिनिटांत ओसरते, कारण रक्तातील एक विकर त्याचे विघटन करते. काही व्यक्तींत हे विकर जन्मतःच सदोष असते. त्यांच्या बाबतीत दहा मिनिटांचे काही तास होतात. एरवी अशा व्यक्ती ठणठणीत असतात. दोषाची चाहूलही लागत नाही. टोरोंटोचे वेर्नर कालो यांनी १९५७ साली त्याची परीक्षा शोधून काढली.

हा दोष मातापिता या दोघांकडून आला तरच पूर्णपणे प्रकट होतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात तो अधिक आढळल्याची नोंद आहे. यात त्या समाजाचे काही उणे नाही. पिढ्यान् पिढ्या आपसांतच विवाह झाले, की समान बीजे एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी विवाह आपल्याकडेही होत आलेच आहेत.

भिण्याचे कारण नाही. कृत्रिम श्वास व झोप चालू ठेवली, की औषध आपोआप ओसरते आणि रोगी बरा होतो. पूर्वसूचना असेल तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध योजतो. धोका आहे तो न सांगण्यात.

आपल्या कुलवृत्तान्तांत मूळ गाव, गोत्र, कुलस्वामिनी यांची साक्षेपाने नोंद असते. परंतु शस्त्रक्रियेनंतर अमक्यास श्वास उशिरा आला, किंवा तमक्यास भुलेत अकस्मात प्रखर ताप चढला, ही नोंद नसते. मुलीच्या सोयरिकीस बाध येईल या भयाने अशा गोष्टी झाकल्या जातात. हे झाकणे सख्ख्या भावंडाच्या जिवावर बेतू शकते. तरी प्रत्येक घराने अशी माहिती लिहून ठेवावी, भूल घेण्यापूर्वी ती न संकोचता सांगावी आणि भावंडांची रक्तपरीक्षा करवून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.