सात भागीदारांचे ठराव

एखादी नवी कंपनी का चालली असं विचारलं, की उत्तर सहसा मालाचं किंवा बाजाराचं मिळतं. माझ्या मते त्याआधी संस्थापकांनी आपसात काय ठरवलं होतं, ते पाहायला हवं. जुलै १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस घ्या. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले सात इंजिनिअर आणि सुधा मूर्तींनी दिलेले १०,००० रुपये, एवढंच भांडवल. सुरुवातीला स्वतःचा संगणकही नव्हता. विकायला होतं ते फक्त या माणसांचं डोकं. नेतृत्व नारायण मूर्तींकडे, हे सगळ्यांना मान्य होतं. संस्थापकांच्या मुलांनी कंपनीत यायचं नाही, असा दंडकही त्यांनी स्वतःला घालून घेतला. बापानंतर मुलगा गादीवर, ही रीत असलेल्या आपल्या व्यापारी जगात हे विपरीतच! १९८९ मध्ये अशोक अरोरा बाहेर पडले. १९९० मध्ये तर दहा लाख डॉलरला कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला आणि भागीदार डळमळले. तेव्हा मूर्तींनी, विकायचंच असेल तर तुमचे हिस्से मीच घेतो, असं सुचवलं. कोणीही हिस्सा विकला नाही.

यावर कोणी म्हणेल, खरं काम १९९१ च्या उदारीकरणानं केलं. केलंच; पण ते दार सगळ्यांसाठी उघडलं होतं. आदल्याच वर्षी विकली गेलेली कंपनी त्यातून आत कशी शिरली असती? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : यशस्वी झालेल्यांचेच निर्णय आपल्याला शहाणे वाटतात. म्हणून याच निर्णयांची पडती बाजूही पाहू. मुलांना दार बंद झालं, तरी प्रमुखपद मूर्ती, निलेकणी, गोपालकृष्णन, शिबुलाल असं संस्थापकांमध्येच फिरत राहिलं. २०१३ मध्ये मूर्ती परतले तेव्हा मुलगाही सहायक म्हणून आला आणि दंडक वाकला. बाहेरचे पहिले प्रमुख विशाल सिक्का २०१४ मध्ये आले. संस्थापकांशी खटके उडून ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि घडी बसवायला पुन्हा निलेकणींनाच बोलवावं लागलं. म्हणजे ज्या एकोप्यानं कंपनी १९९० मध्ये वाचली, त्यानंच पुढे परक्या माणसाचं बस्तान बसू दिलं नाही.

तेव्हा नवा उद्योग काढणाऱ्यांनी हिस्से आणि हुद्दे लिहून काढताना, आपण बाजूला झाल्यावर बोलायचं किती आणि गप्प बसायचं कधी, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं.