खुरपणारीसाठी यंत्र कोण करणार?



मी आयुष्यभर शेतीची अवजारे बनवली. या धंद्यात आलो तेव्हा वडीलधारी मंडळी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगत. लोखंडाने जमीन नासते असा समज होता, म्हणून त्यांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे गेली. आमच्या पिढीला अडवले ते शेतकऱ्याने नव्हे, सरकारी खरेदी खात्यांनी. निविदेत सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळायचे. तो आमचेच अवजार बघून पातळ पत्र्यात तेच करायचा. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग दिले की बिलासाठी महिनोन्महिने हेलपाटे. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेलीच! भांडवल असे अडकल्यावर लहान कारखानदाराने नवे काही करून बघायचे कशावर? याचा मला आजही संताप येतो.

पण त्याहून मोठी सल वेगळी आहे. नांगरणी, पेरणी, फवारणी या पुरुषांच्या कामांची अवजारे आमच्याकडे भराभर खपायची. एका गावात आम्ही हातकोळपे दाखवायला नेले. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाया उभ्याने काम होतेय म्हणून ते हातातून सोडेनात. शेतमालक म्हणाला, "बायांची हजेरी परवडते की, कशाला उगाच खर्च?" कंबर बायांची मोडत होती आणि पैसे त्याच्या खिशात होते. पुढे मजूर मिळेनासे झाले, तेव्हा त्याच भागातले मालक कोळपी मागत आले. उसाचेही तसेच. तोडणी मजुरांच्या टोळ्या पुरत होत्या तोवर कोयता सुधारण्याकडे कोणी पाहिले नाही.

नफ्याला मी नावे ठेवत नाही. नफा नसेल तर कारखाना बंद पडतो, सुटे भाग मिळत नाहीत. योजनेत फुकट वाटलेली अवजारे गोठ्यामागे गंजताना मी पाहिली आहेत. पण नुसत्या नफ्याला महागडे श्रमच दिसतात. ज्यांची मजुरी कमी, त्यांचे कष्ट त्याच्या हिशेबातच येत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हलका, दातेरी वैभव विळा केला, तो कापणी करणाऱ्या हाताचा विचार करून. अशी कामे मोजकीच झाली.

विदर्भ-मराठवाड्यात कापूस आजही बहुतेक बायाच बोटांनी वेचतात. आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो, नोकरीवर रुजू होण्याआधी एक दिवस त्यांच्याबरोबर वेचणीला जा. मग असे अवजार करा, जे ती बाई किंवा तिचा बचतगट स्वतःच्या पैशाने घेईल आणि जे गावातला लोहार दुरुस्त करू शकेल.